लीलाबाईंसाठी टोले

मित्रांनो, मी एक जुनी काशाची घंटा आहे. कुपवाडच्या कारखान्यांमागे एक छोटे चर्च आहे. त्याच्या दारावरच्या कमानीत मी टांगलेली असते. सांगलीतल्या एका भट्टीत मला ओतले, तेव्हा कडेला एक खड्डा राहिला. त्यामुळे माझा आवाज किंचित घोगरा आहे.

रविवारी मी लोकांना उपासनेला बोलवत असे. चर्चमधले कुणी वारले, की शवपेटी कमानीखालून बाहेर पडेपर्यंत सावकाश टोले देत असे. दोर चर्चची देखभाल करणाऱ्या शांतवनच्या हातात असायचा. त्याची बायको लीलाबाई दर नाताळाआधी शिडीवर चढून मला चिंचेने घासायची आणि फडक्याने लख्ख पुसायची. खाली शिडी धरून शांतवन ओरडायचा, "अगं, पडशील! घंटा हाय ती, नवरी न्हवं."

"तुमाला असं कुणी घासत न्हाई म्हणून जळताय व्हय?" ती वरून म्हणायची. एकदा मला पुसता पुसता ती थांबली. "मी गेल्यावर हिला वाजवा बरं का. लय गोड वाटतो मला हिचा आवाज."

"वाजवीन," शांतवन म्हणाला.

पुढे समोर दवाखाना झाला. रस्त्यावर शांतता क्षेत्राची पाटी लागली. म्हणून चर्चच्या पाळकसाहेबांनी माझा दोर वर बांधून ठेवला. लीलाबाई आजारी पडली. तिचा फडका खिळ्यावर तसाच राहिला आणि माझ्यावर हिरवट थर चढला.

मग ती गेली. प्रार्थना संपली, पेटी उचलायची वेळ झाली. शांतवनने येऊन बांधलेला दोर सोडवून हातात घेतला.

"ओढ गड्या," त्याचा मित्र अर्जुना म्हणाला. "माणसांनी केलेला कायदा त्यो. मोडला तर पाप कसलं?"

शांतवनने पाळकसाहेबांकडे पाहिले. "खरं सांगा. पाप लागंल?"

पाळकसाहेब म्हणाले, "शांतवनभाऊ, सरकारने देवाला सोडा म्हटलं असतं, तर मीच दोर ओढला असता. पण ही पाटी तसं म्हणत नाही. आजाऱ्याला झोपू द्या म्हणते. माणसांना अधिकार देवानेच दिलाय, तो अशा कामासाठी. हा नियम मोडला तर शेजाऱ्यावरची माया मोडते. मला तरी ते पापच वाटतं."

"आन् मी तिला शब्द दिलाय, त्याचं काय?"



शांतवनने दोर हातातून सोडून दिला. त्याने शिडी आणली, खिळ्यावरचा फडका घेतला आणि वर चढला. अर्जुनाने धावत येऊन शिडी धरली. "पडशील रं!"

माझ्या पोटात लोंबणाऱ्या लोखंडी गोळ्याला त्याने तो फडका गुंडाळला आणि गच्च गाठ मारली. मग खाली येऊन दोर ओढला.

निजलेल्या बाळाच्या पाठीवर थोपटावे, तेवढाच माझा आवाज झाला. समोरची एकही खिडकी हलली नाही. लीलाबाईची पेटी माझ्याखालून गेली. कमानीत उभ्या असलेल्या सगळ्यांना मी ऐकू आले. शांतवनलाही.

मित्रांनो, आता नाताळाआधी शांतवन शिडीवर चढतो आणि अर्जुना खालून ओरडतो. तुम्ही कधी आलात, तर तुम्हीही मला चिंचेने घासा. मला ते फार आवडते. तो फडका मात्र सोडू नका. समोर अजून कुणीतरी झोपलेले असते.