दहाव्या मात्रेवरचा श्वास

"श्वास संपायच्या आधी घ्यायचा, आणि घेण्याआधी शेजारणीला विचारायचं." गाण्याच्या बाईंचं हे वाक्य सकाळपासून डोक्यात घोंघावत होतं. रोजच्या नेमाची प्रार्थना दोनदा पहिल्यापासून म्हणावी लागली. ओठांवर देव, बोटांवर मात्रा.

आमच्या समूहगीताचा शेवट सोळा मात्रांच्या एका लांब सुरावर होतो. एका दमात तो कुणालाच पुरत नाही. म्हणून शेजारशेजारच्या दोघी आधी ठरवून घेतात: एकीनं सहाव्या मात्रेला श्वास घ्यायचा, दुसरीनं दहाव्याला. खांदे उचलायचे नाहीत, बरगड्या फुलू द्यायच्या, आणि परतताना सुरावर आदळायचं नाही, हळूच मिसळायचं.

खालच्या सुरात आम्ही दोघीच. मी आणि माझी थोरली जाऊ. चार दिवसांपूर्वी ती सगळ्यांसमोर म्हणाली, "हिच्या गळ्याला तेल घाला गं कुणी, शिलाई मशीन कुरकुरतंय!" सगळ्या खिदळल्या. तेव्हापासून मी तिच्याशी बोललेच नाही. मग श्वासाचं ठरणार कसं? काल तालमीत दोघींनी दहाव्यालाच श्वास घेतला आणि सुराला भगदाड पडलं.

बाईंच्या जागी तालीम घेणारे मास्तर पेटीवरून कडाडले, "उद्या संध्याकाळी पुन्हा असं झालं, तर तो सूर चार मात्रांत कापून टाकतो!"

चाल बाईंची आहे. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज गेला. उद्याच्या कार्यक्रमाला त्या येणार, त्या एका सुरासाठी. दवाखान्यात त्यांचा हात धरून मी शब्द दिला होता, "तुमचा सूर तुटू देणार नाही."

शिवणखोलीत हात चालत होते, जीव थाऱ्यावर नव्हता. कापड बेतणारे काका माझ्या हातातला शर्ट बघून म्हणाले, "वहिनी, किती काजं पाडताय? बासरी करायचीय का त्याची?"

मोजली तर अकरा. हवी होती सात. जादाची चार रफू करत बसले आणि ठरवलं, आपणच सहाव्याला श्वास घ्यावा. पण तिनंही तेच ठरवलं असेल तर? ती माझ्याइतकीच हट्टी, आणि मनातून माझ्याइतकीच घाबरलेली. पुन्हा दोघी एकदमच थांबू. न बोलता हे सुटणारच नव्हतं.

घरी आले. पाणी प्यायले, पुन्हा प्यायले. खिडकी उघडली, लावली. वरच्या मजल्यावर जाऊबाईंच्या पावलांची येरझार चालू होती. इकडून तिकडे, तिकडून इकडे. सोळा पावलं, मग वळण. मोजायचं नव्हतं, तरी मोजलं गेलं.

तालमीला अर्धा तास होता. मी पदर सारखा केला, दार आवाज न करता ओढून घेतलं आणि वरचा जिना चढायला लागले.