बिनकुलपाचा कॉम्प्युटर

आपल्या घरात चोरीचा माल आहे, हे रंभाजी आबांना कळलं ते त्यांच्या मुलाच्याच तोंडून, आणि तेही चहा पिताना.

मुलगा वैजनाथ सोनईच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायचा. राहायला शिंगणापुरात, वडिलांच्या घरी. शिंगणापुरात घरांना दारं नसतात. चौकट असते, पडदा असतो, कुत्र्यांसाठी आडवी फळी असते. पण दार नाही, कडी नाही, कुलूप तर नाहीच. चोरी करणाऱ्याकडे शनिदेव बघतो अशी तिथली व्यवस्था आहे आणि आबांची तिच्याबद्दल काही तक्रार नव्हती. अशा घरात वैजनाथने वर्षापूर्वी नगरहून कॉम्प्युटर जोडून आणला, पडद्याआड टेबलावर ठेवला आणि त्याच्यावर सविताने, म्हणजे त्याच्या बायकोने, जुन्या साडीचं आच्छादन शिवलं. एकंदरीत घराला शोभा आली.

त्या रविवारी कॉलेजातले गणिताचे गोरक्षनाथ सर कॉम्प्युटर बघायला आले होते.

"विंडोज विकत घेतली की काय, वैजूसर?" त्यांनी विचारलं.

"विकत कोण घेतं हो? नगरच्या पोराने टाकून दिली. सगळ्यांकडे चोरीचीच असते."

दोघे हसले. ओसरीवर चहा पीत बसलेल्या आबांनी मान वळवली. हल्ली ते बघायचं झालं की नुसते डोळे न वळवता अख्खी मान वळवायचे.

"काय चोरलं म्हनलास, वैजू?"

"काही नाही आबा. मशीनच्या आतलं असतं ते. ज्याच्यावर ते चालतं."

"इंजान का?"

"इंजिन नाही. वस्तूच नाही ती. हातात धरता येत नाही."

"इस्तू न्हाई, तर चोरली कशी?"

गोरक्षनाथ सरांना शिकवायची संधी दिसली. "आबा, ती नक्कल असते. ज्याचं त्याच्याकडे तसंच्या तसं राहतं. आपण फक्त एक प्रत काढून घेतो."

"त्येला इचारून?"

"न विचारता."

"मंग चोरीच की वो मास्तर," आबा म्हणाले. "एवडं काय समजावून सांगताय?"

गोरक्षनाथ सर हसले. वैजनाथ हसला नाही, कारण पुढच्याच आठवड्यात आबांना नगरला डोळ्याच्या ऑपरेशनला न्यायचं होतं.

आबांना काचबिंदू होता. नगरच्या डॉक्टरांनी नीट समजावलं होतं: डोळ्यातला दाब वाढलाय, नजर कडेकडेने जातेय, खिडकीचे काठ कोणी विटा लावून बुजवत आणावेत तशी. थेंबांनी थोडं थोपवता येईल; पण ऑपरेशन लवकर करा, कारण याच्यात गेलेलं परत येत नाही. मोतीबिंदूसारखं नाही हे. आबा तयार झाले होते. कांदा निघाला होता, वेळ होता. टोपीसुद्धा धुऊन ठेवली होती.

संध्याकाळी त्यांनी सविताला सांगितलं, "नगरला न्हाई येनार मी."

"का हो आबा?"

"घरात चोरीचं हाय. त्येची भरपाई चाललीया ही." त्यांनी डोळ्यांकडे बोट केलं. "ते आदी भायेर काडा. मंग डाक्टर. देवाचं आडवून डाक्टरकडं गेलं तर डाक्टरचा बी हात चालनार न्हाई."

सविता गावातल्याच शाळेत शिकवायची. चौथीच्या वर्गाला रोज तोंड देणारी बाई असल्यामुळे प्रश्न लहान करून घ्यायची तिला सवय होती. ती आत आली आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, तो डबा उचला आणि ऑपरेशन होईपर्यंत गोरक्षनाथ सरांकडे ठेवून या."

"म्हणजे चोरीचा माल सोनईला पाठवायचा? हा काय उपाय झाला?"

"मग सांगा काढलं म्हणून. आत काय आहे ते त्यांना थोडंच दिसतंय?"

"खोटं सांगू? आबांना?"

वर्षभर चोरीचा माल घरात चालवणाऱ्या माणसाने हे फारच दुखावल्या आवाजात विचारलं.

"प्रश्नाच्या मुळाशी गेलं पाहिजे," वैजनाथ म्हणाला. "आबा काही चुकीचं बोलत नाहीत. आणि याच्यावर उत्तर आहे."

उत्तर कॉलेजच्या लायब्ररीत होतं. कॉम्प्युटरच्या एका इंग्रजी मासिकाबरोबर एक सीडी आली होती, आणि ती काय आहे हे कोणालाच माहीत नसल्यामुळे अजून गहाळ झाली नव्हती. तिच्यात लिनक्स होती, म्हणजे विंडोजचंच काम करणारी दुसरी सिस्टीम. वैजनाथने मासिकातला लेख वाचला. मग पुन्हा वाचला. जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलेली, कोणीही घ्यावी, कोणीही वाटावी, उघडून आत काय आहे ते बघावं, पटत नसेल तर बदलावं. वैजनाथ तसा भावनाशील माणूस नव्हता. लग्नातसुद्धा तो शांत होता. पण तो लेख वाचून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

आबांना त्याने ओसरीवर बसून समजावलं.

"फुकट?" आबांनी विचारलं.

"फुकट."

"कोन देतंय फुकट? ही बी चोरीचीच आसंल."

"नाही आबा. ज्यांनी केली तेच म्हणतात, घेऊन जा. त्यांनी आतलं सगळं उघडं ठेवलंय. कोणीही यावं, बघावं."

आबा विचार करत राहिले. "म्हंजे दार न्हाई म्हन की."

"हां! दारच नाही."

"मंग चांगली मानसं हायेत," आबा म्हणाले. "आपल्यासारकी. घाल ती."

यापेक्षा नेमकं मासिकालाही मांडता आलं नव्हतं. वैजनाथने ही गोष्ट कॉलेजात चार जणांना सांगितली. ऑपरेशनची तारीख पुढे ढकलल्याची गोष्ट सांगायची त्याच्या लक्षात राहिली नाही.

पहिल्या रविवारी हार्ड डिस्क पुसण्यापर्यंत काम आलं आणि लाईट गेली. दुसऱ्या रविवारी डिस्क पूर्ण पुसली गेली, आणि लिनक्स अर्ध्यावर येऊन थांबली. सविता भाजी निवडत होती. तिने विचारलं, "आता जुनं त्याच्यात काहीच नाही ना?"

"कणभरसुद्धा नाही. पाटी कोरी."

"मग झालं की! उद्याच निघू." ती तशीच ओसरीवर गेली. "आबा, निघालं बरं का चोरीचं."

आबांचा सुनेवर विश्वास होता. पण मशीनचा विषय मुलाचा होता. त्यांनी आत हाक मारली, "निघालं का रं, वैजू?"

इथे नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पण वैजनाथ फिजिक्सचा माणूस. वर्गातही एखाद्या पोराने उत्तर बरोबर दिलं आणि एकक सांगायचं राहिलं, तर तो अर्धाच मार्क द्यायचा.

"तसं निघालंय," तो म्हणाला, "पण नवीन अजून पूर्ण बसलेलं नाही. त्यामुळे काम झालं असं म्हणता येणार नाही."

"मंग हुंदे पुरं," आबा म्हणाले. "आर्दं ठिवून जाऊ ने."

सविताने भाजीचं ताट जरा जोरात खाली ठेवलं.

"त्यांनी काढायला सांगितलं होतं," ती आत येऊन म्हणाली. "नवीन घालायला कोण म्हणालं होतं?"

"घाल म्हणाले की ते. तुझ्यासमोर."

"तुम्ही विचारलंत म्हणून म्हणाले. उद्या विचाराल, आबा, रॉकेट सोडू का? तर सोड म्हणतील."

"रिकामं मशीन घरात ठेवून काय करायचं, सविता?"

"आणि आंधळा माणूस घरात ठेवून काय करायचं?"

हे जरा मोठ्यानेच बोललं गेलं. ओसरीवर आबा खाकरले. नंतर सविताने चहा नेला. कप बाजूने पुढे केला तो आबांना दिसला नाही. त्यांचा हात समोरच्या हवेत कप शोधत राहिला. मागच्या महिन्यात त्या बाजूचं त्यांना दिसत होतं.

लिनक्स एकदाची बसली. चित्रं काही येईनात, काळ्या पडद्यावर नुसती पांढरी अक्षरं यायची. पण वैजनाथला ती गाभाऱ्यातल्यासारखी वाटली. सविताच्या मराठी प्रश्नपत्रिका त्याच्यावर टाईप होणार नव्हत्या. डॉक्टरांना फोन करून तिने पुन्हा तारीख घेतली.

निघायच्या दिवशी आबा धोतर-टोपी घालून ओसरीवर तयार बसले. आबांना घोडेगावपर्यंत सोडायला गोरक्षनाथ सर स्कूटर घेऊन आले होते. तिथून नगरची एसटी. सर आत डोकावले. वैजनाथने निघता निघता मशीन चालू करून दाखवलं, कारण ते न दाखवणं त्याला जमण्यासारखं नव्हतं.

"हे काय विचारतंय?" सर म्हणाले. "पासवर्ड? काय ठेवलात मग?"

"तो सांगायचा नसतो, सर. मालकापुरता असतो."

"वा! शिंगणापुरात कुलूप लावलंत की राव!" सर म्हणाले, आणि स्वतःच्या विनोदावर इतक्या मोठ्याने हसले की पडदा हलला.

आबांनी मान वळवली.

"कशाला कुलूप?"

"काही नाही आबा, चला," सविता म्हणाली. "एसटी जाईल."

"वैजू. कशाला कुलूप?"

"कुलूप असं नाही," वैजनाथ म्हणाला. "पण म्हणजे, कार्य तेच आहे."

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "माज्या बापानं लावलं न्हाई. आज्यानं लावलं न्हाई. काड ते."

"आबा, आल्यावर काढतो."

"मी आल्यावर न्हाई, जायाच्या आदी. दार न्हाई म्हनला हुतास तू मला."

सविता नवऱ्याजवळ गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "वायर उपटा. उचला आणि यांच्या स्कूटरवर टाका. आत्ता. आपण पुढची एसटी धरू."

"अगं, पण पासवर्ड काढता येतो," वैजनाथ म्हणाला. त्याच्या डोळ्यांत ते मासिकवालं पाणी पुन्हा आलं होतं. "तेच तर आहे. या सिस्टीममध्ये ज्याला जे हवं ते बदलता येतं. आबांना कुलूप नकोय, आपण बिनकुलपाची करू! दुसऱ्या कुठल्या सिस्टीमने आबांचं ऐकलं असतं?"

आबांचं ऐकण्यात पुढचे काही आठवडे गेले. पासवर्डांची फाईल कुठे असते हे मासिकात नव्हतं. पुण्यातल्या एका जाणकाराला वैजनाथने पत्र टाकलं. उत्तर आलं, त्यात, घरच्या मशीनवरून पासवर्ड काढायचं कारण काय, असं विचारलं होतं. वैजनाथने कारण सविस्तर कळवलं. जाणकार फारच खूश झाला, आणि शिंगणापूरबद्दल त्याने आणखी प्रश्न पाठवले. त्यांच्या खाली एका ओळीत फाईलचं नाव होतं. वैजनाथने ती फाईल उघडली आणि पासवर्डाची एक खूण पुसायच्या ऐवजी मालकाच्या नावाची आख्खी ओळच पुसली. मशीन त्याला ओळखेना. सगळं पुन्हा पहिल्यापासून.

या काळात आबा दोनदा गव्हाणीला धडकले. थेंब सविता घालायची. थेंब घालताना एकदा आबा तिला म्हणाले, "हुतंय का गं त्येचं?"

"होईल, आबा."

"लई खपतुया बिचारा माज्यापायी."

सविता बाटलीचं झाकण लावत राहिली. ते नीट बसेना.

शेवटी एका सकाळी वैजनाथने मशीन चालू केलं, नाव टाईप केलं आणि मशीनने काहीही न विचारता त्याला आत घेतलं. तो धावत ओसरीवर आला.

"आबा, झालं! आता कोणीही या, कोणीही बसा. चला, बघा."

आबांना हाताला धरून टेबलापुढे बसवलं. त्यांनी मान इकडे फिरवली, तिकडे फिरवली, मग पडद्याच्या अगदी जवळ नेली.

"चालू हाय का?" त्यांनी विचारलं.

"आहे ना. ही काय अक्षरं."

"आसतील," आबा म्हणाले. "बरं झालं. चला आता."

नगरला डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. मग आबांना खुर्चीतच बसवून ते टेबलामागे आले.

"उजवा गेला. डाव्यात थोडं मधलं शिल्लक आहे, ते टिकवायला ऑपरेशन करावं लागेल. टिकेल असं मी सांगत नाही. मी लवकर या म्हणालो होतो. कुठे होतात इतके दिवस?"

वैजनाथने तोंड उघडलं. त्याच्याजवळ उत्तर होतं, पण ते सुरुवातीपासून सांगावं लागलं असतं.

"माज्यामुळं झालं, डाक्टरसायेब," आबा म्हणाले. "घरात चोरीचं हुतं. ते गेल्याबिगर मी येनार न्हवतो. पोरानं लई केलं. रातध्याड केलं. त्येला बोलू नगा."

डॉक्टर वैजनाथकडे वळले. "तुम्ही प्राध्यापक ना? आणि असल्या गोष्टींपायी थांबलात?"

"वडील आहेत," वैजनाथ म्हणाला. "त्यांचं मन मोडवेना."

डॉक्टरांचा चेहरा निवळला. त्यांनी चष्मा काढून पुसला. "चूक ती चूकच. पण खरं सांगू? आजकाल बापाचा शब्द राखणारी मुलं राहिली नाहीत."

वैजनाथने नम्रपणे मान खाली घातली.

सविता उठली. तिने टेबलावरचा ऑपरेशनच्या संमतीचा कागद स्वतःकडे ओढला आणि डॉक्टरांच्या हातातलं पेन मागितलं.

"नातेवाईक म्हणून मुलाची सही घेतो आम्ही," डॉक्टर म्हणाले.

"माझी घ्या," सविता म्हणाली. "उद्या पहिला नंबर आबांचा लावा. आणि काही विचारायचं झालं तर मला विचारा. यांना विचारलंत, तर हे आधी नीट समजून घेतील."