कानाचं दुखणं

डब्याचं झाकण सुटताना टप् असा आवाज झाला आणि झोपलेल्या घरात तो परात पडल्यासारखा घुमला. ती ओट्यापाशी श्वास रोखून उभी राहिली, एका हातात झाकण आणि दुसऱ्यात बिस्किट. आत बाळ कुशीवर वळलं. नवऱ्याचं घोरणं एक ठेका चुकून पुन्हा लयीत आलं. आता सगळं निवांत झालं असं समजून तिने बिस्किट मोडलं, तेवढ्यात दिवा लागला.

दारात सासूबाई उभ्या होत्या.

"मला वाटलं उंदीर," त्या म्हणाल्या. "पण उंदीर रोज झाकण परत लावत नाहीत."

रात्रीचं जेवण तिने सोडलं होतं. बाळाच्या वेळी अंगावर चढलेलं सगळं उतरवायचं, असा चंग बांधला होता. पण पहाटे बाळाला पाजून झालं की पोटात असा खड्डा पडायचा की पाय आपोआप डब्याकडे वळायचे. मग त्या दोन बिस्किटांची शिक्षा म्हणून इमारतीचे जिने धापा टाकत वर आणि खाली. हे सगळं घरात कुणालाच माहीत नाही, अशी तिची समजूत होती.

सासूबाईंनी तिच्या हातातून डबा घेतला, टेबलाच्या मधोमध ठेवला आणि दोन कप चहाचं आधण चढवलं.

"बस. चोरून खातेस, मग जिन्यात धावतेस. त्यापेक्षा रात्री जेवत जा आणि पहाटे झोपत जा बाई. मलाही झोप मिळेल."

"आई, तुम्हाला जिन्याचंही कळलं?"

"मलाच काय, खालच्या मजल्यापर्यंत कळलंय."

ती हसली. बसून चहा प्यायली, बिस्किटही खाल्लं. आणि सासूबाई आंघोळीला गेल्या तशी जिने चढून आलीच.

ती लहान मुलांना पोहायला शिकवायची. बाळंतपणाच्या रजेवरून परतल्यापासून मात्र तिचं शिकवणं काठावरून चालायचं. अंगात सैल ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी, हातात मुलांनी धरायची लांब काठी. पाण्यात उतरायचं काम तिच्या जोडीच्या शिक्षकाकडे. त्याला मुलं लंबूदादा म्हणायची. परतल्याच्या पहिल्या दिवशी तिने जुना स्विमसूट चढवून पाहिला होता. तो मांड्यांशी अडकला तो अडकला. वर जाईना, खाली येईना. कसाबसा सोडवून तिने तो पिशवीच्या तळाशी कोंबला आणि ठरवलं, हा अंगात बसेल तेव्हाच पाण्यात. बाहेर आल्यावर लंबूदादाने विचारलं, आज उतरणार ना? तोंडात पहिलं जे आलं ते तिने सांगितलं. कान दुखतोय, डॉक्टर पाण्यात जाऊ देत नाहीत.

तेव्हापासून तो कान दुखतच होता. लंबूदादाने तिला थेंबांची बाटली आणून दिली. पालकांपैकी एकीने शेकायला सांगितलं, दुसरीने न शेकायला. कुणी भेटलं की ती सवयीने कानावर हात ठेवायची. कधी डाव्या, कधी उजव्या.

या तुकडीत तिची पाच वर्षांची लेकही होती. पोटात असताना लाथा मारून तिने असा धुमाकूळ घातला होता की बापाने तेव्हाच तिचं नाव बेडकी ठेवलं. पण ही बेडकी पाण्यात उतरली की कडेचा दांडा सोडायला तयार नव्हती. शिकवणाऱ्या बाईंची पोरगी आणि तिलाच पाणी नको, अशी थट्टा चालायची. ते ऐकून आई वरवर हसायची आणि आतून खट्टू व्हायची.

आज तुकडीचा शेवटचा दिवस होता. कडेच्या बाकांवर आया येऊन बसल्या होत्या. प्रत्येक मुलाने दांडा सोडून पाठीवर तरंगून दाखवायचं. ज्याला जमेल तो मोठ्या तलावात जाणार. ज्याला जमणार नाही तो नव्या मुलांबरोबर पुन्हा पहिल्यापासून. बेडकीची जिवाभावाची मैत्रीण मघाशीच तरंगून मोकळी झाली होती आणि पलीकडून तिला हातवारे करून बोलावत होती.

"अंग सैल सोडा," ती काठावरून रोजच्यासारखं म्हणत होती. "पाण्याशी भांडायचं नाही. ते धरतं आपल्याला."

एकेक करत सगळी झाली. बेडकी दांड्याला चिकटून होती, छातीपर्यंत पाण्यात, मान बगळ्यासारखी उंच काढून. लंबूदादाने लाडीगोडी लावली, देवमासा होऊन दाखवलं. बेडकी हसली, पण हात काही सुटले नाहीत. डोळे मात्र मैत्रिणीकडे होते आणि भरत आले होते.

तिने काठी खाली ठेवली आणि काठावर लेकीजवळ बसली.

"कशाची भीती वाटते ग?"

बेडकीने दांडा आणखी घट्ट धरला. मग हळूच म्हणाली, "पाठीवर झोपलं की कानात पाणी जातं."

"जातं थोडं. पण निघूनही जातं."

"तुझं कुठे निघालं?"

तिचा हात सवयीने कानाकडे निघाला होता, तो मध्येच थांबला. लंबूदादा एकदम समोरच्या फरशा मोजू लागला. ती वाकली, लेकीच्या अगदी जवळ.

"माझा कान दुखत नाही, बेडके."

"बरा झाला?"

"कधी दुखतच नव्हता."

बेडकीने तिचा एक कान निरखला, मग दुसरा. फसवलं गेल्याचा राग आणि सुटल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर एकमेकांना ढकलत होते.

"मग तू पाण्यात का नाही येत?"

"आले," ती म्हणाली आणि उठली.

कपडे बदलायच्या खोलीत पिशवी तिने उघडलीच नाही. विसरभोळ्या बायकांसाठी कपाटात एक जादा स्विमसूट असायचा, भडक नारिंगी, त्यावर बशीएवढी पिवळी फुलं. तो देताना ती प्रत्येकीला सांगायची, अहो, कोण बघतंय. आज तो तिच्या अंगात सरळ बसला, कुठेही अडला नाही. टॉवेल घट्ट लपेटून ती बाहेर आली. दारापासून तलावापर्यंतची ती फरशी एवढी लांब आहे हे तिला ठाऊक नव्हतं. काठाशी तिने टॉवेल काढला. बाकांवरच्या एकीनेही वर पाहिलं नाही. सगळ्या आपापल्या पोरावर मोबाइल रोखून बसल्या होत्या. तिला हायसं वाटलं आणि थोडा रागही आला.

"थेंबांचा गुण आला वाटतं," लंबूदादा म्हणाला.

"आला," ती म्हणाली आणि पाण्यात उतरली.

पाण्याने तिला पोटासकट, मांड्यांसकट घेतलं. ती पाठीवर झाली. कान बुडाले तसे सगळे आवाज दूर गेले. फुलाफुलांचं पोट पाण्यावर बेटासारखं निघालं, तिला ते दिसलं आणि तिने ते आत ओढलं नाही. डोळे उघडले तेव्हा शेजारी बेडकी उभी होती, तिच्या कानात वाकून पाहत. दांडा चांगला हातभर मागे राहिला होता.

"आता मी," बेडकी म्हणाली.

तिने तळवा लेकीच्या पाठीखाली धरला. लेकीने नाक मुरडलं, डोळे मिटले, कान बुडाले. मग तिने तळवा काढून घेतला. पलीकडून मैत्रिणीने आरोळी ठोकली. बेडकी धडपडत उभी राहिली आणि मान जोरात हलवली.

"निघालं!"

मग हिला जोरच चढला. तिने आईला पुन्हा पाठीवर झोपायला लावलं, लंबूदादासारखे दोन्ही तळवे आईच्या पाठीखाली धरले आणि तोंड भरून हसली.

"आई, मी तुला उचललं. बघ, दोन हातांवर."

"बघतेय ना."

"घरी तर तू मला जराही हलत नाहीस," बेडकी म्हणाली. तिने एक हात काढून पाहिला. आई तरीही वरच होती. मग तिच्या कपाळावर बारीकशी आठी पडली. "आई, मग बाहेर गेल्यावर तू एवढी जड कशामुळे होतेस?"