छत्रीचा कावळा

शनिवारी संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी दगडूजी इंगळे यांनी इंदूरच्या राजवाड्यामागच्या छत्र्यांच्या दुकानात एक मोठी काळी छत्री उघडली आणि स्टँडच्या पंख्यासमोर धरली. दुकानदाराने पंख्याचं बटण तीनवर नेलं. छत्री जेमतेम दोन सेकंद टिकली. मग फाटकन आवाज झाला, काड्या उलट्या फिरून वर गेल्या आणि दगडूजी दोन पावलं मागे ढकलले गेले.

"अगंबाई, कावळा झाला!" त्यांच्यासोबत आलेली सुरुची हसत म्हणाली.

"क्या बोलीं मैडम?" दुकानदाराने विचारलं.

"कौवा! पूरा कौवा बन गया!"

दुकानदार हसला. पलीकडच्या राख्यांच्या ठेल्यावरून आत डोकावणाऱ्या दोन बायकाही हसल्या. हसताना त्या दगडूजींकडे बघत होत्या.

दगडूजींनी छत्री खाली घेतली. एकेक काडी हाताने जागेवर आणली, कापड गुंडाळलं, पट्टा लावला आणि छत्री काउंटरवर सरळ ठेवली.

"चल रतन," ते मुलाला, बुद्धरत्नला, म्हणाले. "आज राहू दे."

"बाबा, अजून दोन बघायच्या आहेत ना. ताई मुद्दाम आल्यात आपल्यासाठी."

"राहू दे म्हटलं ना."

ते पायऱ्या उतरून गेलेसुद्धा. बुद्धरत्न सुरुचीकडे न बघताच त्यांच्या मागे निघाला. आजारातून उठलेला माणूस, थकला असेल, असं सुरुचीला वाटलं. निदान त्या वेळी तिने स्वतःला तसं सांगितलं.

दगडूजी बहात्तर वर्षांचे. वडील महूच्या छावणीत होते, ते स्वतः सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. वर्षावासात, म्हणजे आषाढ ते आश्विन, प्रत्येक पौर्णिमेला ते सुदामा नगरच्या घरातून पहाटे निघत आणि बाबासाहेबांच्या जन्मभूमीवर महूला पायी जात. वीस किलोमीटर. एकोणीस वर्षांत एकही पौर्णिमा चुकली नव्हती. यंदा आषाढात ते रेनकोट घालून गेले. बाहेरून पाऊस आणि आतून घाम, दोन्हींनी भिजून परतले आणि आठ दिवस तुकोगंजच्या एका दवाखान्यात पडून राहिले. सुटताना डॉक्टरांनी सांगितलं की पुन्हा असं भिजलात तर फुप्फुसं ऐकणार नाहीत. एक तर घरी बसा, नाहीतर कोरडे पोहोचा. घरी बसायला ते तयार नव्हते. श्रावणातली पौर्णिमा पुढच्या शनिवारवर आली होती.

म्हणून बुद्धरत्नने सुरुचीला गळ घातली होती. कापड, प्लास्टिक, दोर असलं काहीबाही ताणून, फाडून त्याची ताकद मोजणाऱ्या तुकोगंजमधल्या एका प्रयोगशाळेत दोघं शेजारच्या टेबलांवर काम करत. त्यात सुरुची चिपळूणची. तीन वर्षं इंदुरात राहूनही इथल्या पावसाला ती पाऊस म्हणत नसे.

तिने काम मनावर घेतलं होतं. आधी नकाशा उघडून बघितला. महू इंदूरच्या नैर्ऋत्येला, आणि पावसाळी वाराही तिकडूनच येणारा, म्हणजे जाताना सगळी वाट वारा तोंडावर. मग दुकानात ती दगडूजींना एकेक छत्री हातात देऊन समजावत होती. तीन घडीची नको, जेवढे सांधे तेवढ्या मोडायच्या जागा. दांडा सरळ, अखंड हवा. काड्या फायबरच्या, वाकतील पण तुटणार नाहीत. कापड दुहेरी, मधून वाऱ्याला जायला वाट असलेलं. वजन अर्ध्या किलोच्या फार वर नको, कारण दहा किलोमीटरनंतर मनगट बोलायला लागतं. मूठ वाकडी, म्हणजे उघडीप असेल तेव्हा हातावर अडकवता येईल.

दगडूजी खूश झाले होते. "बेटा, तू फौजेत असतीस तर मी अख्खं स्टोअर तुझ्या हवाली केलं असतं," असं म्हणाले होते. "हा रतन बघ, त्याला छाता म्हणजे फक्त काळा की रंगीत एवढंच कळतं."

"बाबा, सगळ्यांसमोर इज्जत काढू नका ना," बुद्धरत्न म्हणाला होता, आणि तिघंही हसले होते. त्यानंतर, साधी आणि दुहेरी कापडाची यांतला फरक दिसावा म्हणून, सुरुचीनेच आधी ती साधी काळी छत्री पंख्यासमोर धरायला सांगितली होती.

सोमवारी सकाळी बुद्धरत्न म्हणाला, "गुड मॉर्निंग, मॅडम."

तीन वर्षं तो तिला सुरुचीताई म्हणत आला होता. दुपारी त्याने डबा आपल्याच टेबलावर खाल्ला. त्याची बायको नंदिनी सुरुचीसाठी म्हणून वेगळ्या डबीत ठेचा द्यायची, ती डबी त्या दिवशी आली नाही. मंगळवारीही आली नाही. चारच्या सुमारास सुरुचीने त्याला जिन्यात गाठलं.

"छत्रीचं काय ठरलं? शनिवारी पौर्णिमा आहे."

"बाबा म्हणतात, रेनकोटच घालतो."

"अरे, रेनकोटनेच तर ताप आला ना त्यांना?"

बुद्धरत्न खालच्या पायरीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, आम्ही काळे आहोत ते आम्हाला माहीत आहे. बाबांना तर चांगलंच माहीत आहे, लहानपणापासून लोकांनी विसरू दिलं नाही. पण भर दुकानात, हसून? आणि वरून हिंदीत समजावूनसुद्धा सांगितलंत. तुमच्याकडून ही उम्मीद नव्हती."

"मी काय म्हटलं?"

"कावळा."

सुरुचीचा चेहरा कानांपर्यंत तापला. तिने काही बोलायच्या आधी पर्समधून फोन काढला, चिपळूणला लावला आणि स्पीकर सुरू केला.

"आई, वाऱ्याने छत्री उलटी झाली की काय म्हणतात गं?"

"कावळा झाला म्हणतात," पलीकडून आई म्हणाली. मागे कुकरची शिट्टी झाली. "एवढंही विसरलीस? की तिकडे छत्रीच उलटी होत नाही? पाऊस तरी पडतो का गं त्या इंदुरात?"

"नंतर करते, आई."

बुद्धरत्नने कपाळावर हात मारून घेतला. "अरे यार! आम्ही तर सरळ छाता पलटला म्हणतो. हे कावळाबिवळा आम्हाला कुणी सांगितलंच नाही कधी." तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याने चष्मा काढून पुसला. "ताई, तीन दिवस घरात मातम आहे. नंदिनी तर म्हणत होती, आता त्यांना ठेचा नाही, काही नाही. उद्या घरी या तुम्ही. बाबांना मीच सांगतो."

तो पुन्हा ताई म्हणाला होता. सुरुचीला हायसं वाटलं. फक्त जिना चढताना तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. त्याने 'कावळा' म्हटल्यावर माफी मागायची सोडून तिने आधी पुरावा काढला होता. जसा काही तो तयारच ठेवला होता.

बुधवारी दुपारी तिने स्वतः जाऊन दुहेरी कापडाची छत्री आणली. प्रयोगशाळेत सगळे जेवायला गेल्यावर तिच्या प्रत्येक काडीला वजनं टांगून बघितली. मोठ्या ब्लोअरसमोर धरली. शेवटच्या वेगाला छत्री उलटली, पण एका झटक्यात सरळही झाली आणि दहापैकी एकही काडी मोडली नाही. ती उलटली तेव्हा खोलीत कुणी नव्हतं आणि सुरुचीला हसू आलं नाही.

संध्याकाळी सहाला ती सुदामा नगरला पोहोचली. बाहेरच्या खोलीत बुद्धमूर्तीसमोर ताजी फुलं होती, भिंतीवर पलटणीचा जुना सामूहिक फोटो. दगडूजी स्वच्छ पांढऱ्या शर्टात खुर्चीवर ताठ बसले होते. तिने वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांनी हात जोडले आणि समोरच्या खुर्चीकडे बोट केलं.

बुद्धरत्नने सगळी हकिकत रंगवून सांगितली. आईच्या कुकरच्या शिट्टीसकट. नंदिनी दारात उभी राहून पदराने तोंड झाकून हसत होती.

"ताई, मी तर तुम्हाला मनातल्या मनात काय काय बोलले, विचारू नका," ती म्हणाली. "माफ करा हं."

"तू कशाला माफी मागतेस?" सुरुची म्हणाली.

"अच्छा, असं आहे होय," दगडूजी म्हणाले. त्यांनी मान हलवली, थोडं हसलेही. छत्री हातात घेतली, तोलून बघितली, मूठ मनगटावर अडकवून बघितली. "चांगली आहे," म्हणाले आणि भिंतीशी टेकवून ठेवली.

नंदिनीने चहा आणून ठेवला. भजी तळायला घेतली तेवढ्यात आतून तिची हाक आली, "अहो, सिलेंडर संपला! जरा या इकडे."

"लो, हो गया काम," म्हणत बुद्धरत्न आत गेला. स्वयंपाकघरातून सिलेंडर सरकवल्याचा आवाज आला.

दगडूजींनी बशीत चहा ओतला. तो निवेपर्यंत बशी हातात धरून ठेवली.

"कुलाब्याला होतो मी," मग ते म्हणाले. "अडीच वर्षं. समुद्रावरचा वारा म्हणजे काय, ते तिथं बघितलं. आमच्यात चार-पाच पोरं रत्नागिरीकडची होती. पावसाळ्यात रोज कुणाच्या ना कुणाच्या छत्रीचा कावळा व्हायचा."

सुरुचीचा कप ओठांपर्यंत आला होता, तो तिथेच थांबला.

"म्हणजे तुम्हाला शब्द माहीत होता."

"चाळीस वर्षांपासून."

"मग बाबा, तुम्ही शनिवारीच का नाही..."

"रतनने शब्द ऐकला," दगडूजी म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, उतरलाही नाही. "मी शब्दाचं काही मनात घेतलं नसतं. पण छत्री वर होती, आणि तुम्ही खाली बघत होता. माझ्याकडे. त्या दुकानदाराला सांगतानासुद्धा."

आत बुद्धरत्न रेग्युलेटरशी झगडत होता. सुरुचीच्या तोंडात 'नाही' आलं होतं. कोकणातल्या लहानपणापासून शेकडो वेळा म्हटलेला शब्द होता तो. वारा आला, छत्री उलटली, तोंडातून निघाला, बस. तसं सगळं जुळत होतं. पण पंख्याने ढकललेले ते सडपातळ, सावळे नव्हेत तर चांगले काळे, दोन्ही हात पसरून मागे गेलेले म्हातारे गृहस्थ तिला या क्षणी स्पष्ट दिसत होते, आणि उलटलेली छत्री मात्र, कितीही आठवली तरी, दिसत नव्हती. काड्या आठ होत्या की दहा, एवढंही तिला सांगता आलं नसतं. एरवी ती काड्या मोजल्याशिवाय छत्री हातात धरत नसे.

"हो," ती म्हणाली.

दगडूजींनी मान हलवली. एखाद्याने हजेरी द्यावी आणि ती लिहून घ्यावी, तेवढीच.

"मी माफी..."

"रतनला यातलं काही सांगू नका," ते म्हणाले. "त्याला बरं वाटतंय. तुम्हाला फार मानतो तो. चहा घ्या, गार होतोय."

शनिवारी दुकानात ते तिला बेटा म्हणाले होते, अगं-तुगं करत होते. आज आल्यापासून त्यांनी तिला कोणत्याच नावाने हाक मारली नव्हती, हे तिला आता कळलं.

बुद्धरत्न हात पुसत बाहेर आला. "सुरू झाला एकदाचा! बाबा, आता शनिवारी वारा आला ना, तर मला फोन करून सांगायचं, कावळा झाला म्हणून. मी सगळ्या ऑफिसात हाच शब्द चालू करणार आहे."

दगडूजी हसले. सुरुचीनेही हसण्याइतके ओठ हलवले. मग भजी आली, सोबत ठेचाही आला. तिने दिलं तेवढं सगळं खाल्लं. निघताना नंदिनीने तिच्यासाठी डबी भरून दिली. छत्री भिंतीशीच होती. तिच्याबद्दल दगडूजी पुन्हा काही बोलले नव्हते, आणि ती सोबत परत न्यायचं किंवा घ्याच म्हणून आग्रह करायचं, दोन्ही सुरुचीला जमलं नाही.

गुरुवारी आणि शुक्रवारी ऑफिसात बुद्धरत्नने ती गोष्ट पाच जणांना सांगितली. प्रत्येक वेळी शेवटी तो सुरुचीकडे बघे आणि ती म्हणे, "हो, आमच्याकडे तसंच म्हणतात." पाचव्यांदा हे म्हणून झाल्यावर ती उठून हात धुवायला गेली आणि बराच वेळ नळ सुरू ठेवून उभी राहिली.

पौर्णिमेच्या दिवशी पहाटे चारला तिला जाग आली. पाऊस नव्हता. सहाला भुरभुर सुरू झाली. सात वाजता खिडकीची काच वाजायला लागली; वारा नैर्ऋत्येचाच होता. तिने फोन हातात घेऊन नंदिनीला दोनदा काही लिहिलं आणि दोनदा पुसलं.

आठ वाजून वीस मिनिटांनी नंदिनीचाच मेसेज आला. बाबा पावणेपाचला निघाले. आत्ता त्यांचा फोन आला होता. अर्ध्या वाटेवरचं राऊ ओलांडलं आहे, तब्येत ठीक आहे, पुढे पाऊस फार जोरात आहे म्हणाले.

छत्रीबद्दल त्यात काही नव्हतं. सुरुचीने विचारलं नाही.