तापहारिणी जीपचा काटा

"सरका बे, सरका! काटा दिसू द्या!"

उकंडराव पाटलांच्या वाड्यासमोर त्या रविवारी मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. पिंपळगाव राजाची माणसं होती, पार जळगाव जामोदकडची होती. कोणी बैलबंडीतून आलं होतं, कोणी म्हाताऱ्या बापाला पाठीवर घेऊन. सगळ्यांना दर्शन हवं होतं ते एका जीपचं. लष्कराच्या लिलावातली जुनी जीप, पण आता तिला जीप म्हणायची कोणाची छाती नव्हती. तिचं नाव तापहारिणी. बॉनेटवर हळदकुंकू, दिव्यांना झेंडूचे हार, आणि चारही चाकं विटा-चुन्याच्या चौथऱ्यात पक्की बसवलेली. महाराष्ट्र राज्य होऊन तीन वर्षं झाली होती. गावात वीज यायची होती, दवाखाना यायचा होता, देव मात्र मोटारीत बसून आधीच आला होता!

स्टेअरिंगमागे महाराज. शेजारच्या सीटवर तापानं फणफणलेला रोगी. महाराज त्याच्या डोक्यावर हात ठेवत आणि खर्जात सुरू होत, "ताप ताप महाताप, यंत्रराजा, ओढ रे बाप! हाडातला ओढ, मासातला ओढ, पाण्यात सोड, लोखंडात सोड!"

इंजीन बंद. बॉनेट हाताला गार. आणि तरी समोरच्या, इंजिनाची उष्णता दाखवणाऱ्या गोल तबकडीतला काटा हळूहळू थंडाकडून लालाकडे सरकू लागे. बायका पदर तोंडाला लावत. महाराज जोरात फुंकर मारत, की काटा पुन्हा खाली.

"उतरला! यंत्रराजानं पिऊन टाकला. आता तीन दिवस दवेला हात लावायचा नाई. दवेचा वास आला का यंत्रराज रुसते."

हे यंत्रराज फार खादाड होते. दर आठवड्याला त्यांची बॅटरी खामगावला चार्जिंगला न्यावी लागे. ती एसटीतून मांडीवर घेऊन जायचं काम पाटलांच्या ड्रायव्हरचं, सहदेवचं. बॅटरी खामगावला जात होती, रोगी जात नव्हते.

आणि सहदेवला काटा खोटा आहे हे पक्कं ठाऊक होतं. त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. मागच्या हिवाळ्यात जीप थंडगार असताना काटा एकाएकी लालावर जाऊन बसायला लागला. सहदेवनं पाणी बदललं, रेडिएटर घासून काढला, पंख्याचा पट्टा तपासला. काटा हलेना. शेवटी तबकडीकडून इंजिनाकडे जाणारी तार सोडवली, तर काटा झटकन खाली आला. तारेवरचं रबर एका जागी घासून गेलं होतं आणि उघडं तांबं इंजिनाच्या लोखंडाला टेकत होतं. बस, एवढंच दुखणं. सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली आणि काटा शहाणा झाला.

तेव्हा मालकांकडे पाहुणा आलेला एक भगवा माणूस तंबाखू मळत बाजूला उभा होता.

"काऊन रे, तार लोखंडाले लागली का काटा चढते?"

"हाव महाराज. पाहा ना," म्हणत सहदेवनं हौसेनं दोनदा लावून दाखवली होती. पंधरा दिवसांत चौथरा उठला. सहदेव काही बोलला नाही. मालकापुढे बोलायचं कसं? आणि खरं सांगायचं तर, माणसं आता त्यालाही वाकून नमस्कार करत होती. तो मान गोड लागला.

त्या रविवारच्या रांगेत त्याची स्वतःची बायको होती. कोकिळा. ताप येऊन पाच दिवस झाले होते, डोळे वर जात होते. सहदेव खामगावला न्यायचं म्हणत होता, पण त्याची आई तानुबाई दारात आडवी झाली.

"गावोगावचे लोक इथं येऊन राह्यले, अन् तू घरचा देव सोडून कुठी चालला? लोक काय म्हनतीन मले?"

कोकिळाला सीटवर बसवलं. मंत्र सुरू झाला, काटा चढायला लागला आणि सहदेवचे हात आपोआप जोडले गेले. ज्यानं तार दाखवली, तोच मनात म्हणत होता, चढ बाबा, चढ, एवढ्या डाव खरा हो. माणूस बुडायला लागला की आपणच फेकलेली काडीही धरतो, काय करता!

"थांबा," मागून आवाज आला. पिंपळगाव राजाच्या नर्स पुष्पाबाई लस टोचायला गावात आल्या होत्या. त्यांनी कोकिळाच्या काखेत थर्मामीटर ठेवला. एकशे चार. "आता चालू द्या तुमचं."

महाराजांनी डोळे वटारले, पण गर्दी पाहत होती. मंत्र झाला, फुंकर झाली, काटा उतरला. पुष्पाबाईंनी पुन्हा थर्मामीटर लावला आणि सगळ्यांना दिसेल असा वर धरला. एकशे चार.

"काटा उतरला, ताप कुठे उतरला? सहदेवराव, तुम्ही ड्रायव्हर ना? बोला की!"

सहदेव पुढे झाला. त्यानं महाराजांचा उजवा पाय उचलला. पायाखालचं पोतं ओढलं. तबकडीच्या तारेला जोडलेली दुसरी तार खालपर्यंत आणली होती, टोक सोललेलं. अंगठ्यानं दाबलं की टोक जीपच्या पत्र्याला लागत होतं. सहदेवनं स्वतःच्या हातानं ते टेकवलं. काटा लालावर. उचललं. काटा खाली.

"मीनंच शिकवलं याले," तो रडतच म्हणाला. "मीनंच!" आणि त्यानं तार हिसडून तोडली.

वाटलं असेल तुम्हाला, लोकांनी महाराजांना धरून बडवलं असेल. छे हो! "नर्सबाईनं देव बाटवला," कोणीतरी ओरडलं. "देवाची शीर तोडली रे यानं!" दुसरा म्हणाला. त्या गोंधळात महाराज पसार झाले.

आणि जीप? तासाभरात खामगावला पोचवणारी जीप चौथऱ्यात चिणलेली, टाकीत पेट्रोलचा थेंब नाही. रविवारची एसटी निघून गेली होती. कोकिळाला बंडीत घातलं. पुष्पाबाई सोबत बसल्या, वाटभर ओल्या फडक्यानं कपाळ पुसत राहिल्या. खामगावच्या डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि एवढंच विचारलं, "दोन दिवस आधी का नाही आणलं?" पहाटे ती गेली.

तेराव्यानंतर तानुबाईला ताप भरला. सहदेव दुपारी शेतातून आला तर घर रिकामं. म्हातारी जीपमध्ये बसली होती, कुडकुडत, तबकडीकडे डोळे लावून.

"माय, चाल. पुष्पाबाईकडे जाऊ."

"काटा हालून नाई राह्यला रे."

"तार तुटली व माय. तुह्या डोळ्यादेखत तोडली मीनं. खोटं होतं ते."

"ठाऊक हाये मले," म्हातारी म्हणाली. "पन तुले येते ना ते? लाव ना बाप्पा तार. एक डाव चढव."

बाबांनो, या म्हातारीला हसू नका. तिला काटा खोटा आहे हे कळलं होतं, तरी तो हवा होता. आपल्यातल्या कितीजणांना असाच एखादा काटा हवा असतो! पण ताप काट्यात नसतो, माणसाच्या अंगात असतो. तो मोजा, आणि दवाखान्याची वाट धरा. ज्याला तार ठाऊक आहे त्यानं पहिल्याच दिवशी तोंड उघडावं. तेराव्या दिवशी उघडून काय उपयोग?

सहदेवनं तारेला हात लावला नाही. आईला पाठीवर घेतलं आणि पिंपळगावचा रस्ता धरला. म्हातारी त्याच्या पाठीवर मुठी मारत, पार शिवेपर्यंत, एकच म्हणत होती, "चढव ना रे काटा, चढव ना."