पडद्यावरच्या चार चौकटी

प्लाझ्मा टीव्ही वाईट नव्हता, हे मी आधीच सांगते. सिनेमा बघायला तर राजा होता. त्यातला काळा रंग खरा काळा, आणि कुणी धावत सुटलं तरी चित्र फरफटत नसे. एलईडीवाल्यांना ते जमायला बरीच वर्षं लागली. पण प्लाझ्माला एक खोड होती. तेच चित्र रोज तासन्‌तास लावून ठेवलं, की ते काचेत कायमचं उतरायचं. टीव्ही बंद करा, चॅनेल बदला, ते जात नाही.

मी पुष्पलता. जव्हारला एसटी डेपोच्या मागच्या गल्लीत माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. बावीस वर्षं झाली. अजूनही एखादा माणूस दारात येऊन विचारतो, "मिस्त्री कुठंय?" मी हातातली सोल्डरिंग गन दाखवते. मग तो टीव्ही आत आणतो.

मागच्या दिवाळीआधी मुलींच्या वसतिगृहाच्या जुन्या मुली माझ्याकडे आल्या. एक नर्स, एक पोलीस, दोघी शिक्षिका. सगळ्या मिळून वसतिगृहाला टीव्ही आणि गेम खेळायचा डबा देणार होत्या. रविवारी सिनेमा आणि मग गेमवर मुलींचे फुटबॉलचे सामने, असा बेत. त्यातल्या एकीने कुठेतरी वाचलं होतं की सिनेमाला आणि गेमला प्लाझ्मा चांगला, वापरलेला मिळतो. मी म्हटलं, बाई, तुमच्या हॉलला सहा खिडक्या, उन्हात प्लाझ्मामध्ये फक्त स्वतःचं तोंड दिसेल. इन्व्हर्टर तुमचा एवढासा, आणि प्लाझ्मा तिप्पट वीज खातो. शिवाय गेममध्ये गुणांचा फलक एका जागी तासभर उभा असतो, तो काचेत जाऊन बसेल. डोळे झाकून एलईडी घ्या. त्यांनी ऐकलं. एलईडी कंपनीकडून थेट वसतिगृहात गेला. भिंतीवर लावायला मला कुणी बोलावलं नाही. हरेशशेठ म्हणाले, माझी माणसं लावतील.

हरेशशेठ वसतिगृहाच्या संस्थेचे अध्यक्ष. शिरपामाळाच्या रस्त्याला त्यांचं माळरान लॉज आहे. लॉजमधल्या अठरा खोल्यांच्या टीव्हींचं काम मीच बघत होते. हेही आधीच सांगितलेलं बरं.

जानेवारीत त्यांचा फोन आला. "पुष्पलता, रविवारी पालकसभा आहे. वसतिगृहात ये, येताना लेटरहेड आण. एका मुलीने गेम खेळून खेळून टीव्हीची वाट लावलीय. तेवढं लिहून द्यायचंय."

"एलईडीची वाट? तीन महिन्यांत?"

"ये तर खरी," म्हणाले आणि फोन ठेवला.

रविवारी सकाळी हॉलमध्ये पाय ठेवला आणि भिंतीकडे बघून माझं डोकंच फिरलं. तिथं एलईडी नव्हता. चार बोटं जाड, जाळीतून ऊन वाफ सोडणारा प्लाझ्मा होता. खालच्या पट्टीला उजव्या कोपऱ्यात टवका उडालेला. तो टवका मी ओळखत होते. माळरान लॉजच्या काउंटरमागे हाच टीव्ही टांगलेला असायचा आणि त्यावर दिवसरात्र लॉजच्या कॅमेऱ्यांची चित्रं चालायची. त्याचा बोर्ड एकदा मीच बदलला होता. तेव्हाच शेठना म्हटलं होतं, यावर कॅमेरे लावू नका, काच जळेल. शेठ तेव्हा हसले होते.

सतरंजीवर चाळीसेक आईबाप बसले होते. मुली खिडक्यांपाशी दाटीवाटीने उभ्या होत्या. पुढे खुर्चीत शेठ, शेजारी गृहमाता मीना मॅडम मान खाली घालून. आणि त्यांच्यासमोर उभी एक काटकुळी मुलगी, दोन वेण्या, हाताची घडी. तिच्या बाजूला तिचा बाप हात जोडून उभा.

मुलीचं नाव पोशी. डोंगरापल्याडच्या वांगणी गावची. दहावीला. तिचा गुन्हा एवढाच की दोन आठवड्यांपूर्वी तिने मीना मॅडमना सांगितलं, "मॅडम, फुटबॉलच्या मैदानावर चौकट दिसते. बॉल मधे आला की रेषेखाली जातो." मॅडमनी ते शेठच्या कानावर घातलं. शेठनी निकाल देऊन टाकला की ही पोरगीच सगळ्यात जास्त खेळते, हिनेच पडदा जाळला. आता फेब्रुवारीत जुन्या मुली वसतिगृह बघायला येणार होत्या. त्यांच्यासमोर ठेवायला शेठना एक गुन्हेगार आणि एक कागद हवा होता.

माफीनामा टेबलावर तयार होता. मॅडमच्या अक्षरात. 'मी, अमुक, माझ्याकडून वसतिगृहाचा टीव्ही खराब झाला. मुलींच्या वस्तूचं नुकसान केल्याबद्दल मी सर्वांची माफी मागत आहे.' नावाची आणि सहीची जागा रिकामी. सही कुणी करायची, मुलीने की बापाने, ते ठरलं नव्हतं म्हणे.

"सही कर, नाहीतर गाठोडं बांध," शेठ पोशीला म्हणाले. "परीक्षा जवळ आलीय म्हणून एवढी तरी दया दाखवतोय."

वांगणीहून रोज येऊन दहावी होत नाही. तिथला रस्ता ज्याने बघितलाय त्याला हे सांगावं लागणार नाही. वसतिगृह सुटलं की शाळा सुटली.

"मी नाय केला, त सही कशी करू?" पोशी म्हणाली.

तिचा बाप जिवा कासावीस झाला. वर्षातले सहा महिने ठाण्याला बांधकामावर असतो, या सभेसाठीच तिथून रात्रीच्या गाडीने आलेला. "शेठ, माझी पोर खोटा नाय बोलत," तो म्हणाला. "पन तुम्ही बोलतां त काय गलती झाली असल. मी करतूं सही. तिला ठेवा. चार बुकां शिकू द्या."

"बाबा, नाय."

"गप ऱ्हा तू."

"नाय ऱ्हानार. तू सही केलीस त मीच जाईन घरा."

त्या पोरीकडे बघून मला माझीच लाज वाटली. मी दारात उभी राहून अठरा खोल्यांचा विचार करत होते, आणि ही पंधरा वर्षांची पोर सगळं पणाला लावून उभी होती.

"ही आली आमची इंजिनिअर," शेठ सगळ्यांना म्हणाले. "सांग यांना, पुष्पलता. गेमनं पडदा जळतो की नाही?"

"जळतो," मी म्हटलं. "पण प्लाझ्माचा. मुलींनी एलईडी आणला होता. हा प्लाझ्मा आहे."

"तेच ते. कंपनीनं जे पाठवलं ते लावलं. आणि मी वाचलंय, सिनेमाला प्लाझ्माच चांगला. काळा रंग बघितलास का कसा येतो?"

"फार छान येतो. पण शेठ, प्लाझ्मा बनवणं कंपन्यांनी बंद करून दहा वर्षं झाली. दिवाळीत नवा कोरा कुठून आला?"

सतरंजीवर कुजबुज झाली, पण नुसती कुजबुजच. प्लाझ्मा काय नि एलईडी काय, बसलेल्यांना दोन्ही टीव्हीच. शेठनी ते बरोबर हेरलं. ते खुर्चीतून उठले आणि माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "लॉजचं काम जड झालंय का तुला? बघ बाई. तुझ्यासारखे मिस्त्री नाशिकला ढिगानं आहेत."

हे त्यांनी बोलायला नको होतं. नुसतं 'लिही' म्हणाले असते तर मी कदाचित कुरकुरत, मोघम शब्दांत, काहीतरी लिहून मोकळी झाले असते. हो, झाले असते. पण धमकी दिली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. हा माझा स्वभाव आहे आणि त्यापायी मी आजवर बरंच गमावलंय.

"बोलवा नाशिकचा," मी मोठ्याने म्हटलं. "पण आज मी आलेय, तर माझं काम करूनच जाते."

माझ्या पिशवीत एक पेनड्राइव्ह कायम असतो. त्यात टीव्ही तपासायची चित्रं असतात. एक पूर्ण लाल, एक हिरवं, एक राखाडी, एक पांढरं. सिनेमाच्या धावपळीत जळलेल्या खुणा लपून जातात. कोऱ्या पांढऱ्यावर काहीच लपत नाही. मी पेनड्राइव्ह लावला, मुलींना सहाही खिडक्यांची दारं ओढून घ्यायला सांगितलं आणि पांढरं चित्र लावलं.

पडद्यावर आधी उभी आणि आडवी रेघ दिसली. पडदा चार चौकटींत कापलेला. मग डोळे सरावले तशी प्रत्येक चौकट भरत गेली. एकीत फाटक. दुसरीत जिना. तिसरीत गाड्या लावायची जागा आणि तिथलं चिंचेचं झाड. चौथीत लाकडी काउंटर, वर चाव्यांचा फळा, आणि मागे एक खुर्ची. माणसं नव्हती, कारण माणसं हलतात. हलत नाही तेवढंच काचेत उतरतं.

"ह्यातलं फुटबॉलचं मैदान कुठलं, सांगा," मी शेठना विचारलं.

पोशी पुढे गेली. पडद्याला नाक लावून तिने कोपऱ्यातली बारीक इंग्रजी अक्षरं एकेक करून वाचली. "माळरान. काउंटर." मग त्याखालचे आकडे. "तारीख हाय, ताई. दिवस पुसलाय, महिना पुसलाय. वर्ष हाय. दोन, शून्य, एक. पुढचे आकडे सगले एकावर एक चढलेत."

"म्हणजे दोन हजार दहाच्या पुढची आणि वीसच्या आतली वर्षं," मी सगळ्यांकडे वळून म्हटलं. "हा पडदा तेव्हा जळलाय. तेव्हा ही पोरगी अंगणवाडीत खिचडी खात होती."

आता मात्र सतरंजी हलली. मागून एक बाप उठला. तो पूर्वी माळरान लॉजवर माळीकाम करायचा. "ती चिंच मी रोज झाडली," तो म्हणाला. "बुंध्याला चुना मीच लावला. तो बघा पट्टा."

"हे बघा, काहीतरी घोटाळा झालाय," शेठ म्हणाले. "गोदामातले टीव्ही इकडचे तिकडे झाले असतील. माणसं आपली अडाणी. मला काय माहीत?"

तेव्हा सकाळपासून मान खाली घालून बसलेल्या मीना मॅडम उठल्या. "शेठ, संक्रांतीला तुमच्या घरी तिळगूळ द्यायला आले होते मी. एलईडी तुमच्या दिवाणखान्यात आहे. दिवाळीच्या सुट्टीला जाण्याआधी मुलींनी खोकं उघडून त्याच्या कडेला फुलाचं स्टिकर लावलं होतं. ते अजून तसंच आहे." एवढं बोलून त्या रडायला लागल्या. मला त्यांचा राग आला होता, तो अर्धा उतरला. अर्धा राहिला, कारण माफीनामा त्यांच्याच अक्षरात होता.

शेठनी घड्याळ बघितलं. "बरं बरं. मुलगी राहू दे वसतिगृहात. विषय संपला. एलईडी पाठवून देतो." ते निघाले.

"थांबा, शेठ."

हे मी म्हटलं नाही. पोशीनेही नाही. जिवा म्हणाला. सकाळपासून जोडलेले हात त्याने खाली घेतले होते. टेबलावरचा कागद उचलून त्याने नीट न्याहाळला. त्याला वाचता येतं थोडंफार, पोरीनेच शिकवलंय. मग तो कागद त्याने शेठसमोर ठेवला आणि त्यावर सिमेंटने भेगाळलेला पंजा दाबून धरला, वाऱ्याने उडू नये असा.

"सगला बराबर लिहलाय मॅडमनी," जिवा म्हणाला. "मुलींची वस्तू. नुकसान. माफी. नावाची जागा तेवढी खाली हाय. भरा."

"जिवा, शहाणपणा करू नकोस."

"माझी पोर सकालपासून उभी हाय, शेठ. मी सही कराय निंघालूं होतूं. न केलेल्या कामाची. तुम्ही त केलेल्याची करायची हाय."

पोशीने पेनचं टोपण काढलं आणि पेन पुढे धरला. खिडक्यांपाशी उभ्या असलेल्या मुली सतरंजीच्या कडेने येऊन दारात उभ्या राहिल्या. दार भरून गेलं.

शेठनी सही केली. नाव लिहिताना त्यांनी अक्षर मुद्दाम गिचमिड काढलं. पोशी म्हणाली, "वाचता नाय येत. परत लिहा." त्यांनी परत लिहिलं.

संध्याकाळच्या आत एलईडी आला, स्टिकरसकट. या वेळी भिंतीवर तो मी लावला. लॉजचं काम त्याच आठवड्यात गेलं. नाशिकचा मिस्त्री आला म्हणे, येऊ दे. प्लाझ्मा मी दुकानात आणलाय आणि दर्शनी भिंतीला टांगलाय. गिऱ्हाईक आलं, प्लाझ्मा आणि एलईडीत फरक काय असं विचारलं, की मी पांढरं चित्र लावते आणि सगळं समजावून सांगते. गल्लीतले लोकही थांबून बघतात.

फेब्रुवारीत जुन्या मुली येणार त्याच्या आदल्या दिवशी मी वायर तपासायला वसतिगृहात गेले. माफीनामा एलईडीच्या बरोबर खाली भिंतीला भाताने चिकटवलेला होता. मीना मॅडम खालून तो नखाने सोडवू बघत होत्या. "पोशी, पाहुणे येणार आहेत," त्या म्हणाल्या. "आता तरी काढूया. बरं दिसत नाही."

पोशी गेमचा रिमोट हातात घेऊन मैदानावर नजर लावून बसली होती. मैदान हिरवंगार होतं, त्यावर एकही रेघ नव्हती.

"ऱ्हाऊं द्या, मॅडम," ती वळून न बघता म्हणाली. "तुम्ही आमचं सगल्यांचं नाव भिंतीवर लावता ना, कोन कधी चुकला त. आता शेठचा हाय."

मॅडमनी हात मागे घेतला. कागद अजून तिथंच आहे.