आईंचा मरणानंतरचा फोटो

आमच्या घरी देव्हाऱ्याच्या वर सासऱ्यांचा फोटो टांगलाय. त्यात त्यांच्या डाव्या कानाला दुसऱ्याच माणसाचा खांदा चिकटलेला आहे. ते अचानक गेले, घरात त्यांचा धड एक फोटो सापडेना, तेव्हा गरम पाण्याच्या झऱ्यांच्या सहलीत काढलेल्या घोळक्यातून त्यांना कापून घेतलं. चेहरा साकेच्या दारूने लालबुंद, नजर शेजाऱ्याच्या ताटात. अर्ध्या ओसाकाने त्या फोटोपुढे उदबत्ती लावली. सासूबाईंनी त्याच दिवशी ठरवलं की आपला फोटो आपण जिवंतपणीच काढून ठेवायचा.

आता आमच्या गल्लीत बहुतेक म्हाताऱ्यांचे असे फोटो तयार असतात. पण आमच्या आईंना एकही पसंत पडेना. वॉर्डाच्या सभागृहात फुकट काढून दिला, तर म्हणाल्या, “ही बाई विमा विकते का?” स्टुडिओत काढला, त्यांनी कॉम्प्युटरवर सुरकुत्या पुसून दिल्या. “मेणाची बाहुली! लोक मला शोधत बसतील.” मग सुरकुत्या ठेवून काढला. “अरे, हा भूकंपानंतरचा रस्ता कुणी काढला?”

हे असंच चाललं असतं तर मला काही दुःख नव्हतं. पण आईंच्या हृदयाची झडप बदलायची ठरली, सोमवारी दाखल व्हायचं होतं, आणि त्यांनी डॉक्टरांना तोंडावर सांगितलं, “फोटो पसंत पडला की येते. टेबलावर काही झालं तर ही दोघं मला कुणाच्या तरी लग्नातून कापून काढतील.” डॉक्टर हसले. आम्हाला हसता येईना, कारण सुंभ जळेल पण आईंचा पीळ जायचा नाही, हे आम्हाला ठाऊक होतं.

आमचे हे, कुनिहिको, नुकतेच निवृत्त झालेले. घरात नुसते पायात पायात यायचे. आईच्या हट्टाने त्यांचं फावलं. “मीच काढतो आईचा फोटो,” म्हणाले, आणि मला ओढत उमेदा भागातल्या जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात घेऊन गेले. दुकानदार मोरिवाकी पांढरे हातमोजे घालून आला. त्याने मखमलीवर एक जर्मन कॅमेरा असा ठेवला की मी नकळत वाकून नमस्कार केला.

“पापणीचा केस न् केस येतो,” मोरिवाकी म्हणाला. “फक्त एक करायचं. हे भिंग आत दडपलेलं असतं. ते बाहेर ओढायचं आणि पीळ देऊन अडकवायचं. टक् लागलं पाहिजे. नाही अडकवलं तर दाबाने केसभर आत सरकतं.”

“मग बघताना कळेलच की,” मी म्हटलं.

“नाही कळणार, ताई. ह्यात आपण भिंगातून बघतच नाही. बाजूच्या खिडकीतून बघतो. खिडकीत सगळं लख्खच दिसतं.”

हे नंदीबैलासारखी मान डोलावत होते. लक्ष सगळं त्या चकाकत्या चाकावर. किंमत ऐकून मी तिथल्या स्टुलावर बसले.

दाखल व्हायला आठ दिवस होते. रविवारी आईंनी सकाळीच केस करून घेतले, जांभळा किमोनो नेसल्या आणि खिडकीपाशी बसल्या. माझ्या हातात पांढरा पुठ्ठा, आईंच्या तोंडावर उजेड पाडायला. ह्यांनी भिंग ओढलं, छाती फुगवली आणि डोळा कॅमेऱ्याच्या खिडकीला लावला.

“हलू नकोस, आई. ह्यात मला दोन आया दिसतायत. चाक फिरवून त्या एकमेकींवर बसवून एक करायची आहे.”

“लवकर करा हो,” मी म्हटलं. “एकीनेच माझ्या नाकी नऊ येतात.”

“ऐकू येतं मला,” आई ओठ न हलवता म्हणाल्या. “झडप बिघडलीय, कान नाही.”

“झाली एक!” हे ओरडले. खट्. मग वाकून, बसून, गालिच्यावर पालथं पडून खट्, खट्. आई शेवटी म्हणाल्या, “अरे, फोटो काढतोयस की झुरळ शोधतोयस?” पण खूष होत्या. मुलगा इतका वेळ आपल्याकडे बघतोय, हे त्यांना बऱ्याच वर्षांत मिळालं नव्हतं.

गुरुवारी फोटो धुऊन आले. मी मुळा सोलत होते, तेवढ्यात दिवाणखान्यातून ह्यांचा “अरे देवा!” ऐकू आला. मुळा हातात घेऊनच धावले. सगळे फोटो अंधूक. आई आहेत हे कळत होतं, केस, किमोनो, मान ताठ, पण सगळं धुक्यात.

“फिल्म जुनी असणार,” हे म्हणाले. मग म्हणाले, धुणाऱ्याने घोळ केला. मग ढग आला होता. शेवटी म्हणाले, “आई हलली.”

मी कॅमेरा उचलला आणि भिंगाला हात लावला. दुधाच्या दातासारखं हलत होतं. ओढलं, पीळ दिला. टक्.

“रविवारी हा आवाज आला होता का?” मी विचारलं.

हे फोटो गोळा करायला लागले. लग्नाला तीस वर्षं झाली, पण अशी निर्विवाद जीत मला कधी मिळाली नव्हती. तिचा आनंद मात्र घेता येईना. उद्या शुक्रवार. पुन्हा केस, पुन्हा किमोनो, पुन्हा फिल्म धुणं, सोमवारच्या आत काहीच जमण्यासारखं नव्हतं. आणि फोटो नाही तर ऑपरेशन नाही.

“लपवा,” मी म्हटलं.

“काय लपवताय?” आई दारातच उभ्या होत्या. “आण इकडे.”

ह्यांनी फोटो दिले, शाळेत नापासाचं प्रगतिपुस्तक द्यावं तसे. आईंनी एक उचलला. चष्मा लावला. काढला. पुन्हा लावला. मी मनात शिव्यांची तयारी करून ठेवली.

“हाच,” त्या म्हणाल्या.

“आई, हा बिघडलाय. काहीच स्पष्ट नाही.”

“त्या दिवशी तुला मी स्पष्ट दिसणार आहे का रे?” आई म्हणाल्या. “डोळ्यांत पाणी असलं की माणूस असाच दिसतो. तुझे बाबा गेले तेव्हा तो मेला लाल चेहरासुद्धा मला असाच दिसला होता. तेवढा एकच दिवस तो फोटो बरा होता.”

ह्यांनी मान खाली घातली. आईंनी फोटो दवाखान्याच्या पिशवीत, टॉवेलांच्या मध्ये नीट ठेवला आणि माझ्याकडे वळल्या.

“आणि मित्सुए, तुला रडू नाही आलं तरी काळजी करू नकोस. तुझी सोय फोटोनेच केलीय. तुलाही मी तशीच दिसेन.”

आईंचा एकही टोमणा मी आजवर उधार ठेवलेला नाही. ह्याचीही परतफेड करायला मी मान वर केली. समोर आई उभ्या होत्या, आणि त्या मला दोन दिसत होत्या. त्यांची एक काही केल्या होईना.

आई जवळ आल्या, माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं.

“कांदा चिरत होतीस वाटतं?”

“हो,” मी म्हटलं, आणि मुळा पाठीमागे लपवला.